कोणी ठरवलान?

आमची काकू मंत्रालयात बसली असती तर राज्यात एक मूल उपाशी राहिलं नसतं, आणि एकही मंत्री सुखानं जेवला नसता. समोर आलेल्या प्रत्येक घासाला तिचा एकच सवाल असे, "ह्या कोणी ठरवलान?"

मी लहान असताना आमच्या घरी सकाळी पेज असे आणि संध्याकाळी तिचीच निवळ. वडील नव्हते. आई मिरजोळ्याच्या कारखान्यात कोळंबी सोलायची. बर्फाच्या पाण्यानं बोटं अशी बधिर व्हायची की माझी वेणीही तिला घालता येत नसे. मी वाढले ती काकू अंगणवाडीत शिजवायची त्या आमटीभातावर. वाडीतली पहिली पदवीधर मी, हे छाती पुढे काढून सांगते. त्यात कॉलेजचा जेवढा वाटा, तेवढाच त्या पातेल्याचा.

बिस्किटाचा पुडा बारीक झाला की काकू दुकानदाराची उलटतपासणी घेई. एका लग्नात पंगतीत पनीर आलं, तर वाढप्याचा हात धरून म्हणाली, "समुद्राच्या काठावर ह्या? कोणी ठरवलान?" नवऱ्या मुलाचा बाप घास हातात धरून तसाच बसला. मिरकरवाड्याच्या बंदरावर गेली की ट्रकात चढणारी सुरमई बघत उभी राही. "मासा आपला, जेवायला जातो परदेशात. आपण वास घ्यायचा."

मग हुकूम आला. अंगणवाडीतला स्वयंपाक बंद, आता पाकिटं. गोडसर पीठ, पाण्यात कालवायचं. पोरं तोंड फिरवायची. शेजारची धाकटी तर दर महिन्याला काट्यावर हलकी होत चालली. काकू विचारत सुटली. ग्रामसेवक म्हणाला तालुक्याला विचारा, तालुका म्हणाला जिल्ह्याला, जिल्हा म्हणाला वरून आलंय.

"वर म्हंजे कुठं? कौलांवर?"

शेवटी ग्रामसभेला तालुक्याचे साहेब आले. मी शुद्ध भाषेत अर्ज वाचला. साहेब मोबाईल बघत होते. तेव्हा काकू उठली, त्यांच्या टेबलावर नारळ ठेवला आणि डोळे मिटून देवाला गाऱ्हाणं घातलं. देवळात ते मानकरी पुरुषानं घालायचं, बाईनं नाही. कुणी अडवलं नाही.

"बा देवा म्हाराजा, आमच्या पोरांच्या तोंडचा भात ज्यानं काढलान, त्याचा नाव आमाला कळू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी सभा.

"तो कंत्राटदार असो, सायेब असो, मंत्री असो, त्याच्या ताटात म्हैनाभर हेच पीठ वाढ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचा. बिचारे लांज्याकडचे, म्हणजे कोकणातलेच; जिभेला लहानपणची सवय. सभा खदखदून हसली. साहेब नाही हसले. नारळावर हात ठेवून म्हणाले, "काकू, कोणी ठरवलं ते मलाही ठाऊक नाही. कागद वरून येतो, मी खाली सरकवतो."

काकूनं नारळ तिथंच सोडला आणि ती निघाली. घरी येताना एवढंच म्हणाली, "बाय, भांडायला समोर माणूसच नाय गो."

साहेबांनी शिफारस लिहिली. पुढचे खेटे मी घातले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, पावसाळे उलटेपर्यंत. मधल्या काळात काकू गेली. शेवटच्या आजारात तिला कुणी पेज भरवली, तर तीही गिळण्याआधी ती डोळ्यांनी विचारायची.

नाव काही कळलं नाही. शेजारच्या गावात अजून पाकिटंच येतात. आमच्या अंगणवाडीत मात्र चूल पुन्हा पेटली आहे. आज आमटीभात होता.