वरच्या दांडीवरून

अब्बा पिंजारी. भोरच्या बाजारपेठेत आमचं गाद्यांचं दुकान होतं. कापूस पिंजून झाला की कमरेएवढा ढीग पडायचा, आणि अब्बा चहाला उठले की मी त्या ढिगात मागं उलटी उडी मारायचे. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी तिसरीत असेन. एकदा शाळेतले खेळाचे सर उशा भरून घ्यायला आले आणि दारातच थांबले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. सर म्हणाले, "परत मार बघू."

मी परत मारली. सरांनी अब्बांना चहाच्या टपरीवर गाठलं. "हिला पुण्याला जिम्नॅस्टिक्सला घाला. लवकर घाला."

पुण्यात माझी खाला, अम्मीची बहीण, राहायची. तिच्याकडे माझी रवानगी झाली. शाळा तिथलीच, सकाळ-संध्याकाळ सराव, सुट्टीत भोर. आमच्या आळीतल्या काहींना माझा तोकडा पोशाख खटकला. एक जण घरी समजवायला आले तेव्हा अम्मी चुलीपुढून न उठता म्हणाली, "तुमी पोरीची उडी बघा की. पाय कशाला बघताय?" ते चहा न घेताच गेले.

माझा जीव रमला तो अनइव्हन बारवर. एक उंच दांडी, एक बुटकी; एकीवरून दुसरीवर झेपावायचं. तळहाताची सालं निघायची, तरी मला खाली उतरावंसं वाटत नसे. शालेय स्पर्धा जिंकल्या, राज्यात पहिली आले. मग बाईंनी, म्हणजे माझ्या प्रशिक्षकांनी, शेवटची उडी अवघड केली. वरची दांडी सोडायची, हवेत मागं दोन कोलांट्या घ्यायच्या आणि पायांवर उतरायचं. सुरुवातीलाच मी गुडघ्यांवर आदळले. त्यानंतर माझे हात दांडी सोडेनात. झोका जोरात घ्यायचे, वर जायचे, आणि बोटं आपली मिटलेलीच.

त्या आठवड्यात अब्बा भेटायला आले होते. भिंतीला टेकून त्यांनी सगळा सराव पाहिला. नंतर विचारलं, "भ्या कशाचं वाटतंय?"

"खालच्या मॅटचं. लई पातळ आहे."

अब्बांनी जाऊन मॅट हातानं दाबून पाहिली. "व्हय," एवढंच म्हणाले आणि एसटी धरायला स्वारगेटला गेले.

पुढच्या खेपेला ते आले ते एक भलीमोठी, जाडजूड गादी घेऊन. एसटीच्या टपावर बांधून आणली होती. वर चढवताना कंडक्टरनं विचारलं, "काय चाचा, कुणाच्या लग्नाची?"

"लग्नाची न्हाई. लेकीच्या पडायची."

बाई हसल्या, पण गादी मॅटवर अंथरून घेतली. मी वर चढले, झोका घेतला आणि हात सोडले. पाठीवर पडले, धप्पकन. काही लागलं नाही. मी पडल्या पडल्या हसायलाच लागले, आणि बाई ओरडल्या, "उठ, परत!" त्या संध्याकाळी मी किती वेळा पडले कोण जाणे. दिवाळीपर्यंत पायांवर उभी राहायला लागले. मग बाईंनी एक दिवस न सांगता गादी काढून टाकली. उतरल्यावरच माझ्या ते लक्षात आलं.

राष्ट्रीय स्पर्धा उत्तरेत होती, कडाक्याच्या थंडीत. अंतिम फेरीत माझी पाळी शेवटची. दांडी सोडली तेव्हा कानात काहीच ऐकू येत नव्हतं. पाय मॅटवर टेकले आणि तिथंच राहिले. टाच तसूभरही सरकली नाही. सुवर्णपदक! मी दुकानाशेजारच्या एसटीडी बूथवर फोन लावला. बूथवाल्या काकांनी अब्बांना बोलावण्याआधीच रस्त्यात जाऊन आरोळी ठोकली. पेठेतला गलका मला फोनमधून ऐकू आला, आणि त्यामागून अब्बांचा आवाज, "आरं, मला तर बोलू द्या!"

पुढं भारताच्या संघात निवड झाली. परदेशात पदक मिळालं नाही, पण छातीवर देशाचं नाव होतं आणि उडी चोख बसली. बरीच वर्षं खेळले. मग कोपर कुरकुरायला लागलं, तेव्हा मी आपणहून ठरवलं: पुण्यातली राज्य स्पर्धा शेवटची.

अम्मी तोवर माझ्या एकाही स्पर्धेला आली नव्हती. तिला बघवत नसे. त्या दिवशी मात्र अब्बांबरोबर आली, पदर डोक्यावर घट्ट ओढून पहिल्या रांगेत बसली. समोरच्या मुली माझ्याहून कितीतरी लहान होत्या. मी पहिली आले.

पदक घेऊन तिच्याकडे धावले, तर ती ओशाळून म्हणाली, "म्या डोळं मिटलं व्हतं गं. अजून एकदा कर की."

हॉल रिकामा होत होता. पंच कागद आवरत होते. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्या कोपराकडे पाहिलं, मग अम्मीकडे, आणि मॅट सरळ करून दांडीखाली उभ्या राहिल्या. मी हाताला खडूची पूड चोळली आणि ओरडून सांगितलं, "अम्मी, आता मिटू नकोस!"

झोका घेतला, वर गेले आणि दांडी सोडली. उतरून मान वर केली तर अम्मी खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती.