रंग हललेले नकाशे

छापखान्यात तिला सगळे कातरबाई म्हणत. कागद कापायच्या यंत्रावर एकतीस वर्षं काढली, दहाही बोटं शाबूत ठेवली, आणि निवृत्तीच्या दिवशी मालकानं शाल पुढं केली तर म्हणाली, "शाल राहू द्या. ती कोपऱ्यातली रद्दी द्या."

रद्दी म्हणजे जुन्या दर्यावर्दींच्या नकाशांच्या नकला. शिडाची गलबतं, ढगाआडून फुंकर घालणारे गालफुगे वारे, पाण्यातून डोकं काढणारा राक्षसी मासा आणि अर्धेमुर्धे देश. छापताना रंग सूतभर हलले, काळा किनारा एकीकडं नि निळं पाणी दुसरीकडं गेलं, म्हणून गिऱ्हाइकानं नाकारलेल्या.

कातरबाईनं गठ्ठा घरी आणला आणि बाहेरच्या खोलीच्या मोठ्या भिंतीवर ताव डकवत गेली. कडेला कड अशी, की नखालाही जोड सापडू नये. वरचा एक कोपरा तेवढा उघडा राहिला. तिथं हात पोचेना.

मुलानं वर्षभर चालवून घेतलं. पण रविवारी त्याचे साहेब जेवायला येणार म्हटल्यावर शुक्रवारी तो रंगाऱ्यालाच घेऊन आला.

"आई, हे काढतोय. साहेबांनी विचारलं तर काय सांगू, आईनं रद्दी डकवलीय?"

"सांग की. खोटं कुठंय?"

"अगं, ते किनारे बघ. सगळे चुकलेत."

"ज्यांनी पहिल्यांदा काढले त्यांचेही चुकलेच होते. म्हणून घरी बसले का ते? मी जन्मभर घर-छापखाना, छापखाना-घर केलं. आता समुद्र बघत चहा पिते, तर तुझ्या पोटात दुखतंय."

"मला तो मासा आवडतो," सून आतून म्हणाली.

"तू भाजी बघ," मुलगा म्हणाला.

रंगाऱ्यानं खरवडायचा पत्रा काढून नकाशाच्या कडेखाली घातला. पत्रा वाकला. पुन्हा घातला, तर गिलाव्याचा टवका हातात आला. नकाशा ढिम्म.

"कशानं चिकटवलंय, आजी?"

"खळीनं. मोरचूद घालून, पुस्तकं बांधतो तशी. कसर लागायची नाही."

"दादा, हे निघायचं नाही. भिंत निघेल."

"मग वरूनच दोन हात मार."

कातरबाईनं स्टूल ओढलं, पदर खोचला आणि भिंतीला पाठ लावून बसली. "मार. माझ्यापासून सुरू कर."

रंगाऱ्यानं मायलेकरांकडं एकदा पाहिलं, बादली उचलली नि समोरची भिंत घेतली.

"फार हट्टी आहेस," मुलगा म्हणाला.

"आहेच. तू कुणावर गेलायस?"

संध्याकाळपर्यंत तीन भिंती पांढऱ्या झाल्या. रंगारी मोरीत ब्रश धूत होता, तेवढ्यात कातरबाईनं खळीचं भांडं नि शेवटचा ताव घेऊन त्याची शिडी गाठली. मुलगा धावत आला तेव्हा ती चौथ्या पायरीवर होती.

"आई, उतर खाली."

"उतरते, हा ताव बसला की. धर नीट. पडले तर साहेबांना काय सांगशील?"

त्यानं दोन्ही हातांनी शिडी धरली. वरून खळीचा थेंब नेमका त्याच्या कपाळावर पडला. पुसायला हात मोकळा नव्हता.