अप्पांच्या हातचं ‘कम्प्लीटली’

कचेरीतले कागद वाळवी खाते, किस्से कुणीच खात नाही. ते नुसते साचत जातात. मी चौथी शिकलेली, कचेरीत पाणी भरायला अन् फायली उचलायला होते. पण माझ्याकडं जेवढे साचलेत तेवढे साहेबांकडंही नसतील! पुष्कळसे हसण्याजोगे. हे जरा वेगळे.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता, अन् वरून दुष्काळ. दिल्लीहून पथक येणार, तर टंचाईचे अहवाल इंग्रजीत पाहिजेत, असा हुकूम आला. आमच्या तालुक्याच्या कचेरीत नीट इंग्रजी येणारा माणूस एकच, अव्वल कारकून मन्मथअप्पा. कपाळाला विभूती, खिशाला दोन पेन. तलाठी मराठीत लिहून आणायचे, अप्पा त्याचं इंग्रजी करायचे, गफूरभाई टाइप करायचा.

प्रत्येक गावच्या विहिरीपुढं अप्पा एक शब्द टाकायचे. ‘पार्शली ड्राय’ म्हणजे थोडं पाणी आहे, थांबा. ‘कम्प्लीटली ड्राय’ म्हणजे ठणठणीत कोरडी, टँकर पाठवा. माझ्या माहेरचा कागद त्याच गठ्ठ्यात होता. आई तिथं एकटी, सत्तरीची, विहिरीच्या पायऱ्या उतरून पाणी आणायची. म्हणून मी त्या टेबलाभोवती घारीसारखी फिरायचे.

* * *

एकदा गफूरभाईनं ‘कम्प्लीट ड्राय’ असं टाइप केलं. अप्पा भडकले.

“ली कुठाय? वस्तू कशी हाय ते सांगतं ते ॲड्जेक्टिव्ह. किती कोरडी, कशी कोरडी ते सांगतं ते ॲडव्हर्ब. त्याला शेपूट पाहिजे!”

“अप्पा, लोकं तहानेनं मरून राहिलेत, अन् तुम्ही शेपट्या लावून राहिलात?” मी म्हणलं.

“बाई, शब्द ढिला तर टँकर ढिला!”

“बरं. म्हणजे साहेब चांगले हायत, हे ॲड्जेक्टिव्ह. अन् सही लई हळू करतात, हे ॲडव्हर्ब. असंच ना?”

आतून साहेब खोकले!

* * *

अप्पा चुकत नसत. एकदाच चुकले. ओळ बघण्यात घोळ झाला, अन् कमरेइतकं पाणी असलेल्या विहिरीपुढं त्यांनी ‘कम्प्लीटली ड्राय’ लिहून टाकलं. कागद गेलासुद्धा. अप्पांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्या गावचा सरपंच दारात. अप्पा हात जोडूनच उठले, “पाटील, चूक झाली...”

“कसली चूक? काल सकाळी हीर आटली. टिपूस न्हाई. म्या एवढंच इचाराया आलो, तुमास्नी आदी कसं कळलं?”

* * *

गफूरभाई म्हणला, योगायोग. मीही म्हणलं, असेल.

मग साहेबांना भाचीच्या लग्नाला जायचं होतं. रजेच्या अर्जात त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, ‘स्लाइटली इल’, म्हणजे थोडा आजारी. ते म्हणाले, “अप्पा, याला जरा वजन द्या.” अप्पा नको नको म्हणत होते, पण साहेबापुढं काय चालतं? ‘स्लाइटली’ खोडून ‘सीरियसली’ लिहिलं.

लग्न राहिलं बाजूला, साहेब तीन आठवडे नांदेडला दवाखान्यात! आले ते निम्मे होऊन आले. खुर्चीत बसायच्या आधी म्हणाले, “अप्पा, इथून पुढं माझ्या अर्जाला हात लावायचा नाही.”

* * *

गफूरभाईला तरी पटेना. त्यानं अप्पांच्या हातून एका कोऱ्या कागदावर कचेरीच्या आडापुढं ‘कम्प्लीटली फुल’ लिहून घेतलं. आम्ही आठ दिवस रोज आडात वाकून बघत होतो. खाली नुसती भेगाळलेली माती.

“चांगलं कुणाच्या लिहिण्यानं होतंय व्हय!” मी म्हणलं. कुणी हसलं नाही.

तोवर गावोगाव बोलबाला झाला. पहिल्यांदा लोक टँकरसाठी भांडत यायचे. आता हळूच येऊन पाया पडायचे. “अप्पा, नुस्तं ड्राय लिवा. त्यो दुसरा शबुद नगं.”

* * *

शेवटी एका मंगळवारी माहेरचा कागद वर आला. तलाठ्यानं लिहिलं होतं, तळाला दिवसाकाठी दोन घागरी पाणी झिरपतं. दोन घागरी, अन् गाव दीडशे उंबऱ्यांचं! त्याच आठवड्यात आई पायरीवरून घसरून गुडघा फोडून बसली होती.

“अप्पा, कम्प्लीटली लिहा.”

अप्पांनी पेनाला टोपण लावलं. “माझ्या हातनं नको. त्या दोन घागरीबी जातील.”

“जाऊ द्या. टँकर तर येईल.”

“अन् टँकर वाटेत बंद पडला तर? तुझी आई काय पिईल?”

“आता काय पिऊन राहिली ती? चिखल!”

मी त्यांच्या खिशातलं दुसरं पेन उपसलं. “तुमच्या हातनं नको ना? मी लिहिते.”

त्यांनी रद्दीच्या कागदावर अक्षरं काढून दिली. मी एकेक बघून उतरवलं, पाटीवर उतरवतात तसं. भाकरीची सुट्टी होती, गफूरभाई समोरच डबा खात होता. साहेबांनी संध्याकाळी सही केली.

टँकर शनिवारी पोचला. मी रविवारी एसटीनं गेले. आई उंबऱ्यात बसली होती. ‘ये’ म्हणली नाही.

“टँकर आला ना, आई?”

“आला. पर मंगळवारी दुपारी आलीस, तवा का बोलली न्हाईस?”

“मंगळवारी मी कचेरीत होते.”

“कुणाला सांगून राहिलीस? म्या बघितलं. चार बायांनी बघितलं. घरातनं दोन घागरी उचलल्यास, हिरीत उतरलीस, भरून वर आलीस. हाका मारून मारून घसा बसला, वळली न्हाईस. मागनं बायांनी उतरून बघितलं तर तळ असा कोरडा, पुसून घेतल्यावानी.”

“आई, मी नव्हते गं. गफूरभाईला इचार.”

आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“पाणी नेलंस ते नेलंस. घागरी तेवढ्या आणून दे. त्यातली एक तुझ्या बापानं घेतलेली हाय.”