फ्लेक्सवरचा डॉक्टर

एकही औषध ठाऊक नसताना ज्याची प्रॅक्टिस धो धो चालली, असा माणूस जगात एकच झाला असेल, आणि तो माझा रूम पार्टनर होता. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आम्हांला माणसाची हाडं शिकवतात, कुठला स्नायू कुठून निघून कुठं चिकटतो ते शिकवतात. पण त्या माणसाला दुखायला लागलं तर काय करायचं, यातलं अक्षरही शिकवत नाहीत. ते सगळं दुसऱ्या वर्षापासून. बाकी आम्ही या अज्ञानात मजेत होतो. वणीहून आईचा फोन आला की, "आत्याला चक्कर येते रे, कोणती गोळी देऊ?" तर मी "डॉक्टरला दाखव" म्हणून मोकळा व्हायचो. माझ्या पार्टनरला ती सोय नव्हती. त्याचा नंबर लागला त्याच आठवड्यात फुलसावंगीकडच्या त्याच्या गावात पोरांनी एसटीच्या थांब्यावर भला मोठा निळा फ्लेक्स लावला होता. त्यावर कुणाच्या तरी लग्नातला याचा गॉगल घातलेला फोटो, आणि नावाच्या आधी ठळक अक्षरांत 'डॉक्टर'. गावाच्या हिशेबानं तो त्याच दिवशी डॉक्टर झाला. यवतमाळला तो नुसता राहायला आला होता.

मग काय विचारता! सकाळची एसटी आली की आमच्या हॉस्टेलच्या फाटकाशी कुणीतरी उभं असायचंच. "जयभीम डॉक्टर" म्हणत मंडळी आत यायची, चपला दाराबाहेर काढून ठेवायची आणि माझ्या कॉटवर बसायची. माझ्या, कारण त्याच्या कॉटवर पुस्तकं असत. हा लगेच पांढरा अ‍ॅप्रन चढवायचा. अ‍ॅप्रन घातल्याशिवाय तो गावच्या माणसाशी बोलतच नसे. एक मावशी तर दर महिन्याला गुडघा घेऊन यायच्या. हा खाली बसून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायचा आणि गंभीरपणे सांगायचा, "हे वरतं फीमर. हे खालतं टिबिया. मंधात वाटी हाये, तिले पटेला म्हणते."

"हो, पण दुखते काहून?"

"ते दुसऱ्या वर्षाले हाये, मावशी."

मावशी खूश! "पोट्ट्यानं बरोबर जागा धरली बाप्पा," असं मलाच सांगून चहा प्यायच्या. एकदा एक आजोबा माझ्या कॉटवर दुपारभर निवांत झोपले. उठल्यावर कॉटखालची पिशवी त्यांच्या पायाला लागली, म्हणून उघडून पाहिली, तर आत आमचा हाडांचा सेट. त्यांनी घाबरून हात जोडले. "कोणाचे हायेत हे?"

"आपलेच समजा, मामाजी," माझा पार्टनर शांतपणे म्हणाला.

एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण हाडाचं नाव सांगून झालं की हा पेशंटला घेऊन स्वतः ओपीडीत जायचा. चिठ्ठीच्या खिडकीशी उभा राहायचा, एक्स-रेला न्यायचा, परतीच्या एसटीत जागा धरून द्यायचा. तोवर इकडं डिसेक्शनची हजेरी होऊन जायची. मी जाम चिडायचो. "अबे, तुले डॉक्टर व्हायचं हाये का हमाल?" तो हसायचा. "नावाआधी लावून बसले ना बे ते. आता नाही कसं म्हणू?" अभ्यास तो या लोकांच्या अंगावरच करायचा. हाडांत त्याचा हात धरणारा वर्गात कुणी नव्हता, पण हजेरीपुस्तकाला ते कसं कळणार?

शेवटी अ‍ॅनाटॉमीच्या मॅडमनी बोलावलं. हजेरी इतकी कमी, की परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष जाईल. पालकांना घेऊन ये. त्याचे वडील गावात शिवणकाम करतात. त्यांनी दुकानात कुणाला तरी सांगितलं, की मोठ्या मॅडमनं भेटायला बोलावलं. मोठी मॅडम भेटते म्हटल्यावर गावात कोण मागं राहतं? दुसऱ्या दिवशी डिपार्टमेंटसमोर जीपभर माणसं उतरली, आणि प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत आपापली दवाखान्याची फाईल.

"पालक कोण?" मॅडमनी विचारलं.

"आमी समदेच जी," एक काका म्हणाले.

मॅडमना पुढं बोलूच दिलं नाही. आमच्या मावशी खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पाय लांब केला. "बाई, तुम्ही याच्या मास्तरीण. तुम्हीच पाहा एकडाव." मॅडमचं सगळं आयुष्य मुडदे टिकवायच्या फॉर्मेलिनच्या वासात गेलेलं, जिवंत गुडघा त्यांच्यापुढं कित्येक वर्षांत आला नसेल. त्यांनी बिचकत हात ठेवला. "हं... हे टिबियाचं वरचं टोक..."

"ते आमच्या डॉक्टरनं सांगतलं. दुखते काहून ते सांगा."

मॅडम हसल्या. आम्ही त्यांना वर्षभरात पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मग त्या उठल्या आणि सगळी वरात घेऊन स्वतः हाडांच्या ओपीडीत गेल्या. मला वाटलं, सुटला हा! पण परत आल्यावर त्या पार्टनरला म्हणाल्या, "बाळा, तू वर्गात नव्हतास. नसलेली हजेरी मी कुठून लावू? या लोकांना नाही म्हणायला शिक." तो खाली मान घालून म्हणाला, "फ्लेक्स अजून लागलेलाच हाये, मॅडम."

त्याचं वर्ष गेलं. जीपमध्ये बसताना वडील त्याच्या अ‍ॅप्रनची उसवलेली शिवण बोटांनी चाचपत राहिले. मला फार वाईट वाटलं. आणि हा पठ्ठ्या मलाच समजावत होता, "जाऊ दे ना बे. हाडं पाठच हायेत. आता बाकीचं सावकाश वाचतो."

मी दुसऱ्या वर्षाला गेलो, खोली बदलली. परवा वर्गात गुडघा का दुखतो ते शिकवलं. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी वयानं झिजते, मग सांधा कुरकुरतो. तास संपला तसा मी धावत त्याच्या खोलीवर गेलो. मावशी नेमक्या तिथंच बसलेल्या. "मावशी, हा पाह्य, दुसऱ्या वर्षाचा," तो आनंदानं म्हणाला. "विचार याले." मी सगळं सांगितलं, हातवारे करून, सोपं करून. मावशींनी अगदी मन लावून ऐकलं. "बरं झालं बाप्पा, समजलं," म्हणाल्या, आणि पाय उचलून त्याच्यापुढं केला. "आता तू पाह्य."

त्यानं अ‍ॅप्रन घातला, खाली बसून गुडघ्यावर हात ठेवला. "हे टिबिया, मावशी."

"हो," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

मी दारातच उभा होतो. माझ्यापुढंही कुणीतरी असा गुडघा करावा, असं मला फार फार वाटलं.