आकाशी रंगाखाली

स्नेहलताला जपानी भाषेतला जो पहिला शब्द मनापासून कळला, तो नमस्काराचा नव्हता, आभाराचाही नव्हता. तो होता ‘साबी’, म्हणजे गंज. तिच्या बरोबरीच्या बायका हिगाशी-कसाई या वस्तीतल्या मोफत भाषावर्गात ‘हे पेन आहे, ते पुस्तक आहे’ घोकत होत्या. ही बाई तेव्हा नदीपलीकडच्या ग्योतोकुच्या एका मागल्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये, नाकातोंडावर फडकं बांधून एका मोटारीचं दार घासत बसलेली असे.

नवऱ्याच्या मागून परदेशी आलेल्या बायकांचं एक दुखणं असतं, ते कुणी दुखणं म्हणून धरतच नाही. नवऱ्याला, सुशीलला, कॉन्ट्रॅक्टवरच्या कामाचा डोंगर होता. लेक अनघा शाळेत जायला लागली आणि बघता बघता आईला जपानीत उत्तरं द्यायला लागली. पुण्यात बालवाडीच्या तीस पोरांना एका हाकेत गप्प करणारी स्नेहलता इथे दिवसभर स्वतःच गप्प. तिने काम शोधलं. कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, भाषा येत नाही म्हणून नको म्हणाले. डब्यांच्या कारखान्यात घेतलं, पण माशांच्या वासाने तिला तिथे दोन घास गिळता येईनात. शेवटी नदीच्या बाजूच्या गल्लीत एका शेडच्या दारावर ‘पार्टटाइम माणूस हवा’ असा कागद दिसला. दोन हजार आठच्या वसंतातली ही गोष्ट.

शेडचे मालक होरिए-सान, म्हणजे आपल्याकडचे होरिएजी, सत्तरीचे होते. डेंटिंग-पेंटिंगचं काम, सगळी हयात त्यात गेलेली. घासायचं काम इतकी वर्षं त्यांची बायको फुमी-सान करायची. ती आजारी पडून हॉस्पिटलात गेली आणि तिची जागा रिकामी झाली, म्हणून तो कागद. पहिल्या दिवशी होरिए-साननी स्नेहलताच्या हातात पांढरे सुती हातमोजे ठेवले. ते फुमी-सानचे होते आणि स्नेहलताला बोटांत आखूड होत. तिने तेच घातले आणि नवे कधी मागितले नाहीत.

सुशीलला हे काही झेपलं नाही. “आईला फोनवर सांगू नकोस हं,” तो म्हणाला. “डिझायनिंगचं काहीतरी करते म्हण.”

“डिझायनिंगच आहे की,” ती म्हणाली. “गंजाने केलेलं डिझाइन मी पुसते.”

तो हसला, पण सासूबाईंना शेवटपर्यंत डिझायनिंगच कळलं.

शेडच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली एक मोटार होती. दोन दारांची, बुटकी, गोल दिव्यांची, होरिए-सानच्या लग्नानंतरच्या वर्षी घेतलेली. फुमी-सानला शेजारी बसवून ते समुद्राकाठाने थेट सेंदाईपर्यंत गेले होते म्हणे. मग धंदा वाढला, गिऱ्हाइकांच्या गाड्या आधी आणि घरची नंतर, असं करत करत ती मोटार तिथेच कुजली. दुसऱ्यांच्या गाड्यांचा गंज काढण्यात जन्म गेला आणि स्वतःच्या गाडीच्या पत्र्याची चाळण झाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या भागात पूर्वी मिठागरं होती. हवेतच खार, गंजाला निमंत्रण लागत नाही.

फुमी-सान आता बरी होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या आठवड्यात होरिए-साननी ताडपत्री काढली.

उन्हाळाभर दोघं त्या गाडीला लागले होते. सडलेला पत्रा कापायचा, तेवढाच नवा ठोकून आकाराला आणायचा, वेल्डिंग करायचं, घासायचं. डोळा फसवतो, तळवा फसवत नाही, हे तिला होरिए-साननी शिकवलं. हातमोजा घालून तळवा पत्र्यावरून सावकाश फिरवला की न दिसणारी लाटसुद्धा लागते. बालवाडीतल्या पोरांच्या कपाळावरचा ताप बघावा तसा तिचा हात फिरे. होरिए-सान फारसं बोलत नसत. पण एक गोष्ट त्यांनी दहादा बजावली होती: उघड्या पत्र्याला उघडा हात लावायचा नाही, आणि प्रायमरला, म्हणजे रंगाआधीच्या करड्या अस्तरालाही नाही. हाताच्या घामात मीठ असतं. ते रंगाखाली राहिलं की आतून काम करतं. आज नाही तर वर्षाने फोड येतो.

ऑक्टोबरात हॉस्पिटलने फुमी-सानला एका रविवारी काही तास बाहेर न्यायची परवानगी दिली. पुन्हा अशी मिळेलच असं नाही, हेही सांगितलं. होरिए-साननी ठरवलं, त्या दिवशी तिला शेडमध्ये आणायचं आणि गाडी तिच्या मूळच्या आकाशी रंगात दाखवायची. सगळी गाडी प्रायमर लागून करडी झाली होती, एक बॉनेट तेवढं राहिलं होतं. बुधवारी संध्याकाळी त्यांनी त्याची कडा आतल्या सांगाड्यावर दुमडून ठोकली आणि थिनरने पुसून ते लखलखीत करून ठेवलं. गुरुवारी दुपारी प्रायमर, शनिवारी रंग, रविवारी फुमी-सान. सगळं कसं बेतात बसत होतं.

आणि त्या गुरुवारी दसरा होता.

होरिए-सान सकाळी हॉस्पिटलात जात, म्हणून शेडची किल्ली स्नेहलताकडे असे. अनघाला शाळेत सोडून ती आली. येताना फुलवाल्याकडून झेंडूची चार फुलं घेतली. दसऱ्याला हत्यारांची पूजा केली नाही असं तिच्या माहेरी कधी झालं नव्हतं. सायकलीलासुद्धा हार पडायचा. इथे तर पोटाला घालणारी खरी हत्यारं होती. तिने हातोड्या ओळीने मांडल्या, हळद-कुंकू वाहिलं. मग गाडीकडे वळली. तिच्या मनात होरिए-सान नव्हते, सुशील नव्हता, फक्त हॉस्पिटलातली ती बाई होती, जिला ती एकदाही भेटली नव्हती आणि जिचे हातमोजे रोज घालत होती. तिने हातमोजा काढला. पाण्यात कुंकू कालवून बोटाने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, फुलांनी पाणी शिंपडलं, फुलं तिथेच ठेवली आणि हात जोडले.

ज्यांनी दहादा बजावलं त्यांचं ऐकायचं विसरली असं नव्हे. पूजा ही त्या नियमात बसते, असं तिच्या डोक्यातच आलं नाही. आपल्याकडे देवाचं काम नेहमीच नियमाबाहेरचं, आणि भोगायला मात्र माणसं.

होरिए-सान आले तोवर लाल पाणी उतारावरून ओघळून दुमडलेल्या कडेत शिरलं होतं. त्यांनी फुलं उचलून बाजूला नीट ठेवली. कडेपाशी वाकून बराच वेळ पाहिलं.

“हे काय आहे?”

तिने मोडक्या जपानीत सांगितलं. चांगल्यासाठी. गाडीसाठी. फुमी-सानसाठी.

त्यांनी मान हलवली. मग छिन्नी घेतली आणि आदल्या दिवशी ठोकलेली कडा उघडायला बसले.

तेव्हा तिला काय झालं ते कळलं. कडा उघडायची, आत वाळवायची, घासायची, पुन्हा ठोकायची. शनिवार त्यातच जाणार. “वरून पुसून रंग द्या,” ती म्हणाली. “कुणाला दिसणार नाही. रविवार आहे.”

“आत पाणी ठेवून मी कधी रंग दिला नाही,” ते म्हणाले. आवाज चढला नाही, चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. नंतर ती हातमोजे चढवून मदतीला गेली, तर त्यांनी तिला दाराच्या कामाला लावलं आणि बॉनेटला तिचा हात लागू दिला नाही.

रविवारी सुशील म्हणाला, “तू कशाला जातेस? सुट्टी आहे.” पण ती गेली. टॅक्सी आली. चाकाच्या खुर्चीत फुमी-सान इतकीशी दिसत होती. समोर गाडी उभी होती, बॉनेटसकट सगळी करडी, पावसाळी ढगासारखी. फुमी-सानने तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“आकाशी नाही?” तिने विचारलं.

“पुढच्या वेळी,” होरिए-सान म्हणाले.

पुढची वेळ नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. स्नेहलता खांबाआड उभी होती. सांगावं, माझ्यामुळे, असं शंभरदा तिच्या ओठावर आलं. पण त्यासाठी लागणारे शब्द तिच्याकडे जपानीत नव्हते, आणि खरं म्हणजे मराठीतही नव्हते.

होरिए-साननी खुर्ची गाडीच्या अगदी जवळ नेली. फुमी-सानने हात उचलला आणि उघडा तळवा बॉनेटवर टेकला. घासणारीचाच हात तो, आपोआप फिरला, थोडा मागे, थोडा पुढे, मग एका जागी थांबला. नियम तिलाही ठाऊक होता. टॅक्सीवाला घड्याळ बघत होता, तरी तो हात बराच वेळ तिथे होता.

फुमी-सान गेली नोव्हेंबरात. डिसेंबरात होरिए-साननी रंगाचं काम हाती घेतलं. स्नेहलताने सगळी गाडी बारीक पॉलिश पेपरने घासून दिली, पण बॉनेटपाशी पोचली तेव्हा ते म्हणाले, “ते राहू दे, ते मी करतो,” आणि तिला स्टेशनपलीकडच्या दुकानातून काहीतरी आणायला पाठवलं. परत आली तर आकाशी रंगाचा पहिला हात चढलाही होता. गाडी देखणी झाली. शेजारपाजारचे बघून गेले. तिला मात्र ते बॉनेट सलत राहिलं. एका चुकीपायी या माणसाने आपल्यावरचा विश्वास काढून घेतला, असं तिने धरलं आणि सबंध हिवाळा ते मनात घेऊन वावरली. सुशीलला ती याबद्दल बोलली नाही. त्याच्या मागे वेगळंच लागलं होतं. अमेरिकेत बँका बुडाल्या आणि इकडे कॉन्ट्रॅक्टं गळायला लागली. त्यांच्या इमारतीतली दोन मराठी घरं रिकामी झाली. पुढच्या जुलैत यांचीही तिकिटं निघाली.

जूनमध्ये लागलेला पाऊस अजून थांबला नव्हता. जायच्या आधीच्या आठवड्यात ती गाडीला शेवटचं पॉलिश करत होती. हातमोज्यातला तळवा बॉनेटवरून सवयीने फिरला आणि मधेच अडला. बारीक फोड होते, डोळ्याला दिसतील न दिसतील असे. तिने बोटांनी चाचपून पाहिलं. कडेला काही नव्हतं. जिथे स्वस्तिक काढलं होतं तिथेही काही नव्हतं. फोड होते ते त्याच्या डावीकडे, खुर्चीत बसल्या माणसाचा हात पोचेल तिथे, तळव्याएवढ्या जागेत.

“होरिए-सान,” तिने हाक मारली, “साबी. आतून आलाय. मी घासून काढते, जायच्या आधी होईल.”

ते आले. काय आहे ते त्यांनी वाकूनही पाहिलं नाही.

“नको,” ते म्हणाले. “तेवढं मी घासलं नव्हतं.”

त्यांनी स्वतःचा हातमोजा काढून खिशात घातला, उघडा तळवा त्या जागेवर ठेवला आणि तसेच उभे राहिले. पत्र्यावर पाऊस वाजत होता. स्नेहलताने पॉलिशचं फडकं घडी करून फळीवर ठेवलं आणि त्यांच्याकडे पाठ करून हातोड्या पुसायला घेतल्या.