परब मॅडमचे जर्दाळू

परब मॅडम फोनवर कधी 'हॅलो' म्हणायच्या नाहीत. पलीकडून कुणी उचलला की थेट विचारायच्या, "फूल आया क्या?" घाटकोपरच्या आमच्या ऑफिसात नवीन आलेला माणूस हे ऐकून चमकायचा. मीही चमकलो होतो. पलीकडे कारगिलची एखादी बागवाली असायची, किन्नौरचा आडत्या असायचा, नाहीतर तुर्कस्तानातल्या कुठल्याशा व्यापाऱ्याचा मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा कारकून. त्याच्यासाठी त्या आवाज चढवून "फ्लॉवर? फ्लॉवर?" असं दोनदा विचारायच्या. फूल म्हणजे जर्दाळूचं. विक्रोळीच्या कंपनी वसाहतीत वाढलेल्या आणि सुट्टीत फार तर कुडाळपर्यंत जाणाऱ्या या बाईंनी जर्दाळूचं झाड उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण या आठवड्यात जगात कुठे ते फुललं आहे, हे मुंबईत त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगू शकलं नसतं.

आमचं काम साधं होतं. सुक्यामेव्याच्या व्यापाऱ्यांसाठी दर पंधरवड्याला एक पत्रक काढायचं. बदाम, अक्रोड, मनुका, जर्दाळू यांचं कुठे कसं पीक येतंय ते त्यात असायचं. व्यापाऱ्यांना भाव हवे असायचे, आणि मॅडमना भावाचं काही पडलेलं नसायचं. "भाव काय रे, उद्या बदलतो. झाड बघ. झाड एकदा लावलं की वीस-पंचवीस वर्षं तिथून हलत नाही. माणसं कुठे लावतायत आणि कुठे तोडतायत ते बघ, मग भाव तुला आपोआप कळेल." प्रत्येक मुलखाची त्यांची एक शंभर पानी वही होती. बहर कधी आला, गारपीट झाली का, नवी लागवड कोणत्या उंचीवर, जुनी झाडं कुणी का तोडली, सगळं त्यात. मी म्हणायचो, "मॅडम, कॉम्प्युटरवर टाकू ना." त्या म्हणायच्या, "टाक की. तुला कोण अडवतंय?" आणि वही माझ्या हातात काही द्यायच्या नाहीत. चार वर्षं मी त्या वह्या त्यांच्या खांद्यावरून वाचल्या. वैताग यायचा, पण शिकलो ते तसंच.

जर्दाळूचा स्वभाव त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावला होता. हे झाड इतरांच्या आधी फुलतं आणि त्यातच त्याचं नुकसान होतं. हिवाळा उबदार गेला की ते आणखी लवकर फुलतं. मग एखादी थंडीची लाट आली, की आख्खा बहर काळा पडतो. "येडं झाड आहे," त्या म्हणायच्या. "घाई करतं." हिमाचलच्या खालच्या उतारांवर आता पुरेशी थंडीच पडत नाही, म्हणून बागा वर सरकतायत. किन्नौरमध्ये जर्दाळू तोडून लोक सफरचंद लावतायत. लडाखात फळ उत्तम, पण ते खाली पोचेपर्यंत नरम पडतं. त्यातून जगातला बराचसा सुका जर्दाळू येतो तो तुर्कस्तानातल्या मालात्या नावाच्या एकाच मुलखातून. हे शेवटचं वाक्य त्या नेहमी बोट आपटून म्हणायच्या. "एकाच पट्ट्यावर सगळा बाजार टांगून ठेवलाय मेल्यांनी."

नमुने आले की मॅडम स्वतः चाखायच्या. काळपट, उन्हात सुकवलेला लडाखी दाणा तोंडात टाकला की डोळे मिटायच्या. केशरी दाण्याची पिशवी मात्र लांब सारायच्या. तो रंग झाडाचा नसतो, गंधकाच्या धुरीचा असतो आणि मॅडमना दमा होता. तरी भारी दिसतो म्हणून गिऱ्हाइकाला तोच हवा असायचा. यावरूनही त्या चिडायच्या. खरं सांगायचं तर त्या दिवसाचा बराच वेळ चिडलेल्याच असायच्या, आणि त्यांच्यासोबत राहून मीही चिडका झालो.

कारगिलजवळच्या एका गावात झैनब नावाची बाई होती. नवरा गेल्यावर बाग तीच बघायची. दर वसंतात मॅडमना फुलाची बातमी द्यायची, आणि एके वर्षी तिनेच उलट विचारलं, "मॅडमजी, सब लोग सेब लगा रहे हैं. मैं भी काट दूँ?" मॅडम तीन आठवडे त्या एका प्रश्नामागे होत्या. कृषी खात्यात फोन केले, श्रीनगरच्या व्यापाऱ्यांना विचारलं, जुन्या वह्या उपसल्या. शेवटी सांगितलं, कालव्याच्या वरची, आतली बी बदामासारखी गोड निघते ती झाडं तोडू नकोस, खालची आजारी तोड. झैनबने ऐकलं. दिराने ऐकलं नाही. त्याने आपल्या वाटणीची सगळी तोडली. मॅडमनी त्या सगळ्या शोधावर दोन पानांचा लेख लिहिला. आमच्या शेठनी तो चाळला आणि बाजूला ठेवला. "परबबाई, कारगिलचं कोण वाचणार? आपले लोक तिकडून किती माल घेतात?" मॅडम म्हणाल्या, "घेत नाहीत, कारण त्यांना कुणी सांगत नाही." शेठ हसले. लेख छापला नाही.

आता माझी गोष्ट सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत मॅडम सारख्या मालात्याला फोन लावत होत्या. हिवाळा उबदार गेला होता आणि कळ्या लवकर फुगल्या होत्या. त्यांनी पत्रकासाठी एक परिच्छेद लिहिला. त्यात साफ म्हटलं होतं की यंदा बहर लवकर येतोय, मागून थंडी आली तर पीक हातचं जाईल, तेव्हा व्यापाऱ्यांनी इराण, उझबेकिस्तान आणि आपल्या लडाखकडेही आत्ताच चौकशी करून ठेवावी. लिहून त्या निघाल्या. दम्याच्या तपासणीसाठी त्यांना मुलुंडला डॉक्टरकडे जायचं होतं.

त्या गेल्यावर शेठनी मला आत बोलावलं. आमचा एक मोठा वर्गणीदार मालात्याचाच माल आणायचा. "उगाच घबराट कशाला? काढून टाक तेवढं," शेठ म्हणाले.

"मॅडमना विचारतो," मी म्हणालो.

"मॅडमना काय विचारायचं? अंक आज जायचाय ना?"

मी काढून टाकलं. नऊ ओळी होत्या. खालचा मजकूर वर सरकला आणि जागा भरून गेली. मॅडमना फोन करायला मला दोन मिनिटं लागली असती. मी केला नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तेही जमलं नाही.

एप्रिलमध्ये तिकडे कडाक्याची थंडी पडली. बागाच्या बागा गेल्या. इथे व्यापारी बोंबलायला लागले. तुमच्या पत्रकात याबद्दल एक अक्षर कसं नाही, म्हणून ऑफिसचा फोन थांबेना. शेठनी सगळ्यांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "परबबाई, जर्दाळू तुमच्याकडे. तुम्हाला कळलं कसं नाही?"

त्यांच्या टेबलाच्या खणात मूळ मजकुराची छापील प्रत होती. मी स्वतः पाहिली होती. मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग शेठकडे. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

शेठना काय झालं ते पक्कं माहीत होतं. मलाही माहीत होतं. दोघांपैकी कुणी तोंड उघडलं नाही. महिन्याभरात शेठनी बागांची उपग्रहाची चित्रं देणाऱ्या एका कंपनीशी बोलणी केली आणि मॅडमना सांगितलं की आता तब्येत सांभाळा, आराम करा. निरोपाला शाल दिली, नारळ दिला आणि केशरी जर्दाळूंचा मोठा डबा दिला. मॅडम 'थँक यू' म्हणाल्या. मला तो डबा भिंतीवर आपटावासा वाटला. शेठचा राग आला, माझा आला, आणि सगळ्यात जास्त त्यांचा आला. अहो, बोला ना काहीतरी!

पंधरा दिवसांनी मी विक्रोळीला त्यांच्या घरी गेलो. त्या ओट्याशी कुळीथ निवडत होत्या. मी दारातच सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "फाईल कुणी उघडली, किती वाजता उघडली, ते दिसतं त्यात. तूच दाखवलं होतंस."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर शेठ स्वतःला काढणार होता काय? तुला काढलं असतं. आणि तुझ्या जागी आणला असता कोण? ज्याला किन्नौर कुठे ते नकाशात दाखवता येत नाही असा. चार वर्षं घालवली तुझ्यावर मी. परत पहिल्यापासून सुरुवात करायला माझ्याकडे छातीत तेवढी हवा नाही रे."

मी शेठचं नाव काढायला गेलो. त्यांचा आवाज चढला. "आणि माका सांगू नको शेठने सांगितलं म्हणून. शेठ सांगणारच, तो शेठ आहे. तू ओळ काढलीस त्याचा राग नाही आला मला, नित्या. मी तिकडे डॉक्टरकडे बाकावर बसले होते, फोन हातात होता. तू एक फोन केला नाहीस, त्याचा आला."

मग त्यांनी चहा टाकला. निघताना सगळ्या वह्या एका कापडी पिशवीत घालून त्यांनी माझ्याकडे दिल्या. "कॉम्प्युटरवर टाक," म्हणाल्या. "पण आकडे नीट बघून."

पुढच्या अंकात मी त्या नऊ ओळी जशाच्या तशा लावल्या. खाली लिहिलं की हा मजकूर परब मॅडमनी फेब्रुवारीत लिहिला होता आणि तो मी काढला होता. शेठनी बघितलं. मला वाटलं, आज नोकरी जाणार. ते म्हणाले, "झालं ते झालं, आता कशाला?" आणि ते पान काढायला सांगितलं. मी म्हणालो, "मग हा अंक मी करत नाही." शेवटी पान तसंच छापून गेलं. एकाही वर्गणीदाराचा त्यावर फोन आला नाही. मॅडमना अंक नेऊन दिला. त्यांनी वाचला आणि 'उझबेकिस्तान'मधला एक काना सुटला आहे तो दाखवला.

गेल्या डिसेंबरात दम्याने त्या गेल्या. मी तेव्हा दहिसरला बहिणीकडे होतो. निरोप उशिरा कळला, आणि पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. याचाही राग कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही.

आता पत्रक मी बघतो. लिहिणारे पाच-सहा जण आहेत, बाहेरगावचे. कुणाच्या मजकुरातली एक ओळ जरी काढायची असली तरी आधी मी त्याला फोन लावतो. अंक निघायला उशीर होतो. कुणी जेवत असतो, कुणी गाडी चालवत असतो. बहुतेक जण वैतागतात, "एवढ्यासाठी फोन कशाला केलात?" म्हणतात. मी त्यांना ती ओळ वाचून दाखवतो, आणि ते काय म्हणतात ते शेवटपर्यंत ऐकून घेतो.