भावोजींनी भरलेला गॅस

कुठलीही वस्तू बिघडली की आमचे मोठे भावोजी आधी तिच्यावर तळहात ठेवतात आणि डोळे मिटतात. मिक्सर असो, फ्रीज असो, शेजारच्यांचं तापाने फणफणलेलं वासरू असो, हात ठेवून घटकाभर तसेच उभे राहतात. मग डोळे उघडून म्हणतात, "हां. कळला माका." काय कळलं ते मात्र सांगत नाहीत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, या माणसाच्या हातात काहीतरी असणार. आता सव्वीस वर्षं झाली. त्या हातात काही नाही.

भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, शांताराम. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बोटीवर काढली आणि आता मालवणजवळ आमच्याच घरात असतात. लग्न केलं नाही. त्यांचं कुठलंही बोलणं बोटीवरूनच सुरू होतं. "मी बोटीर आसताना दोन मजली थंड खोलयेची चावी माझ्याकडे होती. कप्तानाकसुदा आत जावचा तर माका इचारूचा लागा." हे ऐकून गावातले लोक त्यांना थंडीच्या मशिनरीतला मोठा माणूस समजतात. खरी गोष्ट त्यांच्याच तोंडून एकदा गणपतीत निसटली. ते बोटीच्या स्वयंपाकघरात कामाला होते आणि थंड खोलीतून कोंबड्या आणि मासे बाहेर काढून द्यायचे. चावी त्यासाठी. स्वयंपाकाच्या कामात कमीपणा नाही, मी जन्मभर तेच करतेय. पण या माणसाने घरी कधी सुरी हातात घेतली नाही. "ता बायलमाणसांचा काम," म्हणतात.

एकदा विहिरीवरचा पंप बंद पडला. भावोजींनी हात ठेवला, कळलं म्हणाले आणि पंप खोलला. तीन दिवस त्याचे तुकडे खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, गोणपाटावर पसरलेले होते आणि मी राजूने, म्हणजे दोराने, पाणी ओढत होते. चौथ्या दिवशी वायरमन आला. फ्यूज उडाला होता, तेवढंच. भावोजी म्हणाले, "फ्यूज उडालो तो काय माझो दोष? पंप बघ आतसून कसो लख्ख झालो." पंप जोडल्यावर दोन नट शिल्लक राहिले. ते त्यांनी खिशात घातले.

त्यांना कुणी काही बोलत नाही, त्याला कारण आहे. सासरे लवकर गेले, तेव्हा भावोजींनीच बोटीवरून पैसे पाठवून नवऱ्याला वाढवलं. त्यामुळे नवरा, दिनू त्यांचं नाव, पन्नाशीला आले तरी भावापुढे शाळेतल्या मुलासारखे उभे राहतात. आणि मी तर त्यांच्याशी सरळ बोलतच नसे. आमच्या माहेरी थोरल्या दिराशी बोलायचं ते दुसऱ्याकरवी, अशी रीत. आताच्या मुली पाळत नाहीत, मी पाळत आले. भावोजींनाही ते बरं होतं.

नवऱ्याची गाडी आहे, भाड्याने चालवतात. तारकर्लीच्या एका हॉटेलचे पाहुणे चिपी विमानतळावरून आणायचं काम त्यांना मिळालं होतं. आमचा सगळा हंगाम त्या कामावर. एप्रिलच्या सुरुवातीला गाडीचा एसी थंड करेनासा झाला. एक-दोन पाहुण्यांनी कुरकुर केली. मॅनेजरने स्वच्छ सांगितलं, "दिनूभाऊ, शनिवारी मुंबईचं कुटुंब येतंय, बरोबर वयस्कर आई आहे. गाडी थंड नसेल तर मला दुसरी बघावी लागेल. मग ती दुसरीच ठेवीन."

गुरुवार होता. नवरा गाडी कुडाळला गॅरेजमध्ये न्यायला निघाले होते, किल्लीही हातात होती.

"खंय चललंस?" भावोजींनी विचारलं.

"कुडाळाक. एसीचो गॅस बगूक."

"गॅरेजवालो काय करतलो? गॅसच भरतलो मा? तो मी भरतंय. फोनार मागवलंय, काल इलोसा. नळी आसा, काटो आसा, सगळा आसा." आणि त्यांनी खोलीतून एक खोका आणला. पत्र्याचा डबा, निळी नळी आणि तिच्यावर घड्याळासारखा काटा.

नवऱ्याने किल्ली परत खुंटीला लावली.

शुक्रवारी सकाळी बॉनेट उघडलं. इंजिन चालू, एसी पूर्ण चालू. भावोजींनी जाड पाइपाचं टोपण काढून तिथे नळी बसवली. डबा हलवत आणि उलटासुलटा करत ते दोन तास उन्हात वाकून उभे होते. एवढं मात्र खोटं बोलणार नाही, उन्हाला तो माणूस भीत नाही. काटा हळूहळू हिरव्या पट्ट्यात आला आणि आतून गार वारा यायला लागला. मग त्यांनी वाडीतल्या चारपाच जणांना बोलावून एकेकाला गाडीत बसवलं. "बोटीर अशीच थंडी आसायची," ते बाहेरून काचेवर वाकून सांगत होते.

मी पाणी द्यायला गेले तेव्हा मला पुढच्या जाळीजवळ पाइपाच्या वळणावर काळा ओला डाग दिसला. त्यावर धूळ चिकटली होती. खारी हवा पत्र्याला कशी खाते ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पाइपाला भोक असेल तर वरून कितीही भरा, काय उपयोग? मी नवऱ्याला हळूच सांगितलं. नवऱ्याने भावाला सांगितलं, "ही म्हणता, हयसर ओला दिसता."

"तिका काय कळता? चवथी शिकलेली," भावोजी म्हणाले. पण सगळे गेल्यावर वाकून बघितलं. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे आले. तरी गॅरेजला न्या म्हणाले नाहीत. शेजारच्या खळ्यात जुनी लाकडी होडी दुरुस्त करत होते, तिथून करवंटीभर राळ घेऊन आले. होडीच्या फटीत कापूस ठासून वर तेलात कढवलेली राळ ओततात, ती.

"होडयेत पाणी शिराक देणा नाय ती राळ," भावोजी म्हणाले. "वाऱ्याची काय बिशाद?"

माझ्या वडलांची होडी होती. राळ कढवायला मी लहानपणी चुलीजवळ बसले आहे. होडीला समुद्र बाहेरून दाबतो, तो कापूस आणखी आत बसवतो. इथे गॅस आतून बाहेर ढकलणार. वर इंजिनाच्या तोंडाशी उष्णता, तिने राळ मऊ होणार. हे कळायला बोटीवर जावं लागत नाही. मी नवऱ्याला पडवीत गाठून सगळं सांगितलं. त्यांना पटलं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. ते खळ्यात गेले, भावाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, वायच जास्त लाव राळ."

राळ सुकल्यावर भावोजींनी दुसरा डबा जोडला. काटा हिरव्यातच होता. "वायच वर आसलो तर बरो," म्हणत त्यांनी तो लाल पट्ट्याच्या कडेपर्यंत चढवला.

शनिवारी नवरा विमानतळावर गेले तेव्हा गाडी थंडगार होती. ते कुटुंब बसलं. म्हातारी मागे बसली, मांडीवर नात. परुळ्याच्या अलीकडे पुढून सुंऽऽ असा आवाज झाला आणि बॉनेटमधून धूर आला. राळ सुटली होती आणि पाइपातलं तेल तापलेल्या इंजिनावर उडत होतं. पाहुण्यांना वाटलं, गाडी पेटली. म्हातारीला दोघांनी धरून रस्त्यावर उतरवलं. मूल रडत होतं. हॉटेलने दुसरी गाडी पाठवली, तोवर ती माणसं काजूच्या झाडाखाली बॅगांवर बसून राहिली.

भावोजी म्हणाले, "तू जोरात हाकलंस. नायतर राळ जावची नाय."

सोमवारी गाडी कुडाळला गेली. गॅरेजवाल्याने पाइप बदलला, मशीन लावून गॅस भरला आणि संध्याकाळपर्यंत गाडी दिली. नवरा म्हणाले, आता हॉटेलात जाऊन माफी मागतो, मॅनेजर भला माणूस आहे, ऐकेल. मलाही तसंच वाटत होतं. पण भावोजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. "तू गप रव. बोलाचा कसा ता माका म्हायत आसा. मी येतंय."

तिथे काय झालं ते नवऱ्याने नंतर सांगितलं. मॅनेजर खरंच निवळला होता. "झालं ते झालं, दिनूभाऊ. पाइप बदललात ना?" इतकं तो म्हणाला. नवरा होय म्हणणार, तेवढ्यात भावोजी पुढे झाले. पाइप बदलायची गरजच नव्हती, गाडी चालवणाराची चूक होती, असं त्यांनी मॅनेजरला सांगितलं. मग पाहुण्यांच्या देखत त्याच्या ऑफिसातल्या एसीखाली जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यो तुमचो पण बरो नाय चालत. राळ हाडून लावू काय?"

मॅनेजरने नवऱ्याकडे बघून हात जोडले. काम गेलं.

घरी येऊन भावोजींनी शर्ट खुंटीला लावला, चहा मागवला. "बरा झाला," ते नवऱ्याला म्हणाले. "असल्या माणसाकडे काम करूचा नाय. मी तुका सोडवलंय, समज." नवरा मान खाली घालून चहा पीत होते. मी दाराआड उभी होते.

आता नवरा कुडाळ स्टेशनवर इतर गाड्यांच्या रांगेत उभे राहतात. कधी भाडं मिळतं, कधी रिकामे येतात.

परवा आम्ही तिघं मालवणच्या बाजारात निघालो होतो. भावोजी पुढे, मी मागे. एसी चालू होता. भावोजी आरामात पाठ टेकून म्हणाले, "बगलंस मा दिन्या? म्हयनो झालो. मी भरलेलो गॅस अजून कसो धरून रवलोसा."

नवरा रस्त्याकडे बघत राहिले. मी वाट बघितली.

"भावोजी," मी म्हणाले, "तो गॅस गॅरेजवाल्यान भरलेलो."

सव्वीस वर्षांत मी त्यांच्याशी सरळ बोललेलं ते पहिलं वाक्य. भावोजी मागे वळले नाहीत. गाडी पुलावर आली, पूल संपला.

मग ते नवऱ्याला म्हणाले, "काच वायच खाली कर रे. थंडी लागता."

नवऱ्याने काच खाली केली. मालवणपर्यंत आम्ही तिघंही गरम वाऱ्यात बसून गेलो.